ब्रॉयलरच्या घरघरीवर झटपट टेस्ट बनवतोय, जाणकारांनी झोडपून काढा

पिपेटवाला_कांजूर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आमची कांजूरमार्गला छोटी मॉलिक्युलर लॅब आहे. करोनात आरटीपीसीआरचं इतकं काम होतं की श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आता त्यातली निम्मी मशीनं धूळ खात बसलीयेत. बायकोच्या माहेरची मंडळी शहापूरकडे पोल्ट्री करतात, त्यांचं दर थंडीत एकच रडगाणं, पक्षी घरघरायला लागले की दुकानातून पाण्यातलं अँटिबायोटिक आणायचं, ते नाही चाललं की दुसरं, तोवर मरतुक वाढते आणि नक्की काय झालं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. म्हटलं आपल्याकडे मशीन आहे, माणसं आहेत, यावर काहीतरी करू.

तर आयडिया अशी की एका ट्यूबमध्ये चार आजार: रानीखेत म्हणजे मानमोडी, आयबी (इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस, श्वासनलिकेचा विषाणूजन्य आजार), एच९एन२ (सौम्य बर्ड फ्लू) आणि सीआरडीचा (जुनाट श्वसनरोगाचा) मायकोप्लाझ्मा हा जिवाणू. घशातला स्वॅब घ्यायचा, दोन तासात उत्तर. आयबी तर करोनाच आहे, गॅमा घराण्यातला, १९३० च्या दशकात अमेरिकेत कोंबड्यांमध्ये ओळखला गेला, म्हणजे माणसातल्या करोनांची ओळख पटायच्या कितीतरी आधी. त्यामुळे आम्हाला हे काम ओळखीचं वाटतंय. लॅबमध्ये कृत्रिम आरएनएवर चारही झक्कास चालतायत.

प्रश्न: यात आणखी कुठला आजार असावा? कोरायझा (जिवाणूंची सर्दी), आयएलटी (घशाचा आणखी एक विषाणूजन्य आजार)? आणि शेतकरी असली टेस्ट घेईल का?

शेडवाला_वासिंद

घेईल का ते नंतर, आधी एक सांगा, रिझल्ट आल्यावर मी करू काय?

दादा राग मानू नका पण आमचं गणित वेगळं असतं. ब्रॉयलरचा लॉट सगळा मिळून चाळीस दिवसांचा. पिल्लं कंपनीची, फीड कंपनीचं, औषध पण कंपनीचं, शेड आणि मजुरी आपली, किलोमागे चार्ज मिळतो आणि मरतुक जास्त झाली की तो कापला जातो. घरघर सुरू होते साधारण विसाव्या-पंचविसाव्या दिवसाला. सुपरवायझरला फोन केला की तो उद्या येतो, दोन पक्षी फाडून बघतो आणि चिठ्ठी लिहून जातो. तुमचा रिझल्ट आला "आयबी पॉझिटिव्ह", ठीक आहे, व्हायरसवर औषध आहे का? नाही. मग मी पैसे कशाला घालवू?

पण जर तुमच्या टेस्टने असं कळणार असेल की हे वाढणार आहे, लिफ्टिंग (पक्षी विक्रीला उचलणं) चार दिवस अलीकडे घ्या, किंवा हे नुसतं अमोनियाचं आहे, पडदे उघडा आणि औषध बंद करा, तर मी दर लॉटला करीन. थंडीत पडदे बंद असतात, खालचं तूस ओलं झालं की डोळ्यातून पाणी काढतं, माणसाच्या पण. त्याने पण पक्षी असेच खोकतात.

वरण_भात_लिंबू

वाचतेय. शेडवाल्यांच्या प्रतिसादाला +१. आमच्याकडे गाई आहेत, तिथे पण हेच, रिपोर्ट येतो तोवर जनावर एकतर बरं झालेलं असतं नाहीतर गेलेलं.

परळचा_पशुवैद्य

धागाकर्त्यांचा उत्साह आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, शेडमध्ये विषाणू शोधणं अवघड नाहीच, तो तिथे आपणच नेऊन सोडलेला असतो. पिल्लाला पहिल्या दिवशी हॅचरीतच आयबीची जिवंत लस फवारतात, पाचव्या ते सातव्या दिवशी रानीखेतची लस डोळ्यात थेंब टाकून, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाण्यातून लासोटा या रानीखेतच्याच सौम्य लसीचा बूस्टर. हे सगळे जिवंत विषाणू आहेत, पक्ष्याच्या श्वासनलिकेत वाढतात, पुढे दोन-तीन आठवडे स्वॅबमध्ये सापडत राहतात. तुम्ही नुसतं "रानीखेत आहे का" विचारलंत तर लस दिलेला प्रत्येक निरोगी लॉट पॉझिटिव्ह येईल. शेतकरी घाबरेल, एक-दोनदा फसला की तुमची टेस्ट कायमची गेली.

मग विचारायचं काय? रानीखेतच्या विषाणूवर एफ नावाचं प्रोटीन असतं, ते चिरलं गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरत नाही. जिथे चिरतं त्या जागेवर, ११२ ते ११७ या अमिनो आम्लांमध्ये, सगळी मेख आहे. लासोटासारख्या सौम्य विषाणूत तिथे आर्जिनीन-लायसीन मोजकेच, आणि ११७ वर ल्युसीन. त्याला फक्त श्वासनलिकेतले आणि आतड्यातले एन्झाइमच चिरू शकतात, म्हणून तो तिथेच अडकून राहतो. मारक विषाणूत आर्जिनीन-लायसीनची रांगच असते आणि ११७ वर फेनिलॲलनीन, त्याला शरीरभर मिळणारं फ्युरीन नावाचं एन्झाइम चिरतं, मग मेंदू, प्लीहा, सगळीकडे. मानमोडीत मान वाकडी होते ती त्यामुळेच. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या व्याख्येत पण हीच जागा धरलीये, किंवा मग एक दिवसाच्या पिल्लाच्या मेंदूत टोचून काढलेला निर्देशांक ०.७ किंवा जास्त. तुमचा प्रोब, म्हणजे जीनचा नेमका तुकडा ओळखणारा भाग, या जागेवर बसवा.

त्यातही एक गोम आहे. आपल्याकडे आर२बी नावाची मध्यम तीव्रतेची लस आहे, लेयरना (अंड्यांच्या कोंबड्यांना) आणि गावठी कोंबड्यांना देतात. तिच्या त्या जागेवर मारक विषाणूसारखीच रांग असते! म्हणजे गावठी कोंबडीचा स्वॅब आला आणि महिन्याभरात आर२बी दिली असेल तर तुमचा हुशार प्रोब पण फसणार. ब्रॉयलरना ती देत नाहीत, त्यामुळे निदान सुरुवातीला ब्रॉयलरपुरतंच ठेवा.

आयबीचं तर याहून वाईट. तिथे अशी एक जागा नाही, एस१ (विषाणूच्या काट्याचा) जीन वाचून कुठला प्रकार ते बघावं लागतं, मॅसॅच्युसेट्स म्हणजे एच१२० लसवाला की ७९३बी की आणखी काही. आणि ७९३बी ची पण लस आहेच.

पिपेटवाला_कांजूर

डॉक्टर, दंडवत. इतकं मुद्देसूद कोणी फुकट सांगत नाही. त्या चिरायच्या जागेचा (क्लीव्हेज साइट) प्रोब जमेल, पण ती जागा फार बदलती आहे, एका प्रोबमध्ये सगळे भारतीय स्ट्रेन बसतील असं वाटत नाही. सिक्वेन्स डेटाबेसमधून काढून जुळवतोय.

गिरगावचा_खवय्या

मध्येच तोंड घालतो, हे सगळं वाचून रविवारचं चिकन खावं की नाही? 🙂

वरण_भात_लिंबू

खा हो. ७० अंशाच्या वर शिजवलं की यातलं काही उरत नाही, आणि आपल्याकडे मालवणी रश्श्यात कोंबडी उकळतेच उकळते. कच्चं चिकन हाताळल्यावर हात धुवा म्हणजे झालं. आता तज्ज्ञांना बोलू दे.

एलायझा_मावशी

मी निवृत्त आहे, आयुष्य क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलं, त्यामुळे माझं दुखणं वेगळं. "कृत्रिम आरएनएवर झक्कास चालतंय" हे वाचून मी चष्मा पुसला. अरे बाळा, स्वच्छ पाण्यातला आरएनए कुठे आणि शेंबूड, फीडचा भुगा, रक्त असलेला स्वॅब कुठे. त्यातल्या चिखलाने एन्झाइमच बंद पडतं आणि निगेटिव्ह येतो, आणि तो खरा निगेटिव्ह की गळा दाबलेला हे कळत नाही. म्हणून प्रत्येक ट्यूबमध्ये इंटर्नल कंट्रोल हवाच, कोंबडीचा स्वतःचा एखादा जीन धर, तो आला नाही तर रिझल्ट द्यायचाच नाही. म्हणजे चार नाही, पाच रंग लागतील, मशीनला तेवढे चॅनल आहेत का बघ. आणि एकत्र टाकलं की जोरातला विषाणू सगळा मसाला खाऊन टाकतो, दुबळा दिसत नाही. तेव्हा चारही एकेकटे चालले म्हणजे चौघं एकत्र चालतील असं नाही. मिश्र नमुने मुद्दाम बनवून बघ, एक भरपूर आणि दुसरा चिमूटभर.

आता आकडेमोड, जी कोणी करत नाही. समज तुझी टेस्ट ९५ टक्के संवेदनशील (आजारी पकडते) आणि ९५ टक्के विशिष्ट (निरोगी सोडते) आहे, कागदावर छान. १००० पक्षी तपासले, त्यातले २ टक्के म्हणजे २० खरंच आजारी. त्यातले १९ पकडलेस. उरलेल्या ९८० निरोगीत ५ टक्के म्हणजे ४९ खोटे पॉझिटिव्ह. एकूण ६८ पॉझिटिव्ह, खरे फक्त १९, चारातला जेमतेम एक! तीच टेस्ट घरघरणाऱ्या शेडमध्ये वापर जिथे ४० टक्के आजारी आहेत, तर ३८० खरे आणि ३० खोटे, म्हणजे शंभरातले ९२-९३ खरे. टेस्ट तीच आहे, विचारायची वेळ बदलली.

आणखी एक. शेडमध्ये १० टक्के पक्ष्यांत आजार असेल तर तो ९५ टक्के खात्रीने सापडायला तीसेक पक्षी तपासावे लागतात. पण पूर्ण निरोगी शेडमधले ३० पक्षी याच टेस्टने तपासलेस तर एक तरी खोटा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ७८ टक्के आहे, करून बघ कॅल्क्युलेटरवर. म्हणून पाच-पाच स्वॅब एकत्र करून सहा पूल कर, आणि "एक पूल पॉझिटिव्ह म्हणजे शेड पॉझिटिव्ह" असा नियम लावायच्या आधी चार वेळा विचार कर.

शेडवाला_वासिंद

मावशी, तुमच्यासारखा हिशोब आमच्या कंपनीवाल्याला यायला पाहिजे होता 😀

निरोगी शेडमध्ये टेस्ट करायला मला वेड लागलंय का. मी रात्री दहाच्या पुढे जातो, लाईट बंद करतो, फीडरचा आवाज थांबला की दोन मिनिटं गप उभा राहतो. दिवसा काय कळत नाही गोंधळात, रात्री मात्र कुठल्या कोपऱ्यात चिक चिक होतंय ते बरोबर ऐकू येतं. पहिल्या रात्री दोन-चार, दुसऱ्या रात्री निम्मी शेड. तेव्हा स्वॅब घ्यायचा असेल तर मी पाच सगळ्यात मरतुकडे पक्षी काढून ठेवतो, या सकाळी.

परळचा_पशुवैद्य

नेमके तेच नकोत! मरतुकडा झालेला पक्षी आठवडाभर आजारी असतो. तोवर विषाणू आपलं काम करून निघून गेलेला असतो, श्वासनलिकेचं अस्तर सोललेलं असतं आणि मागून ई. कोलाय शिरलेला असतो. फाडलं की हवेच्या पिशव्यांवर पिवळट चीज, काळजावर पांढरा पापुद्रा, आणि चिठ्ठीवर "ई. कोलाय". बरोबर आहे, पण तो चोर नाही, दार उघडं दिसलं म्हणून घरात आलेला आहे. विषाणू भरपूर सापडतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत. तुम्ही रात्री ज्या कोपऱ्यात पहिल्यांदा चिक चिक ऐकता ना, त्याच कोपऱ्यातले दिसायला धडधाकट पण शिंकणारे पक्षी हवेत. तुमचं ते रात्रीचं ऐकणं हाच या टेस्टचा पहिला टप्पा आहे.

आयएलटी, कोरायझा सध्या सोडा. कोरायझात तोंड सुजतं, नाकातून घाण वास येतो, लेयरवाला लांबून ओळखतो.

लॅम्प_लावा_लॅम्प

एमएस्सीचा विद्यार्थी आहे. पीसीआरच्या भानगडीत कशाला पडताय, लॅम्प करा ना, तीही जीन शोधायचीच पद्धत. ६०-६५ अंशाला एकाच तापमानावर चालतं, मशीन नको, पाऊण तासात ट्यूब गुलाबीची पिवळी झाली की पॉझिटिव्ह. शेडवाले स्वतः शेडवरच करतील.

एलायझा_मावशी

गुलाबी-पिवळा रंग आम्लतेवर बदलतो, आणि स्वॅब ज्या ट्रान्सपोर्ट मीडियमध्ये बुडवून आणतात त्यात बफर असतो, तो रंग बदलूच देत नाही. उलट काही नमुने आधीच आंबट, टाकल्या टाकल्या पिवळे. आणि शेडवर कोणी उत्सुकतेने ट्यूबचं झाकण उघडलं की त्यातले कोट्यवधी तुकडे हवेत, पुढच्या सगळ्या टेस्ट पॉझिटिव्ह. लॅम्प वाईट नाही, पण आरएनए काढल्याशिवाय शेडवर रंग बघून निर्णय घेऊ नये असं माझं मत.

याच कारणासाठी पिपेटवाल्याला पण सांगते, लसीची बाटली पॉझिटिव्ह कंट्रोल (हमखास पॉझिटिव्ह येणारा नमुना) म्हणून स्वस्तात मिळते हे खरंय, पण जिथे नमुने उघडतोस त्या खोलीत ती बाटली कधीही उघडू नकोस.

लॅम्प_लावा_लॅम्प

मान्य. पण मुंबईहून वासिंदला रिझल्ट दोन तासात पोचतो, नमुना वासिंदहून मुंबईला दोन तासात पोचत नाही, हा मुद्दा माझा अजून उभा आहे.

माजी_सरकारी

आता जो विषय सगळे टाळताहेत तो काढतो. धागाकर्त्यांनी एच९एन२ म्हटलंय. तो सौम्य आहे, देशात बऱ्याच ठिकाणी आहे, त्याची लस पण भोपाळच्या संस्थेने तयार केलीये. पण इन्फ्लुएन्झा एकटा येत नाही. २००६ ला नवापूर, देशातला पहिला एच५एन१ (मारक बर्ड फ्लू) तिथे निघाला. २०२२ ला शहापूर तालुक्यातलं वेहळोली, २०२५ च्या जानेवारीत उरणचं चिरनेर. म्हणजे आपल्या मुंबईच्या अंगणातच. तुमच्या किटने एच९ निगेटिव्ह दाखवला आणि पक्षी धडाधड मरतायत, तर शेतकरी काय समजणार? "बर्ड फ्लू नाही"! हे भयंकर आहे.

कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या कायद्याने बर्ड फ्लूचा नुसता संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, आणि निदान ठरवायचा अधिकार भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचा. खाजगी लॅबने "एच५ आहे" किंवा "एच५ नाही" यातलं काहीही छापू नये.

पिपेटवाला_कांजूर

खरं सांगू का, हे वाचून इन्फ्लुएन्झा पूर्ण काढून टाकावा असंच वाटतंय. तीनच ठेवतो, कटकट नको.

परळचा_पशुवैद्य

काढू नका. सगळ्या इन्फ्लुएन्झा-ए ना पकडणारा मॅट्रिक्स जीनचा प्रोब ठेवा, एच९ वेगळा ओळखूच नका. पॉझिटिव्ह आला की रिपोर्टवर प्रकार नाही, फक्त पशुसंवर्धन खात्याला फोन. तुम्ही तो काढलात तरी विषाणू येणारच आहे, मग तुमच्या लॅबमध्ये कोणी साध्या मास्कवर ती ट्यूब उघडत असेल आणि त्याला माहीतच नसेल की आत काय आहे. आणि धडाधड मरतुक असेल, तुरा निळा, पायावर रक्ताचे डाग, तर स्वॅब घ्यायलाच जायचं नाही, थेट तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवायचं.

शेडवाला_वासिंद

डॉक्टर तुमचं बरोबर असेल पण आमच्या बाजूने बघा. बर्ड फ्लू निघाला की एक किलोमीटरमधले सगळे पक्षी मारतात, दहा किलोमीटरवर नजर. नुकसानभरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, आधी मेलेल्यांची नाही. वर शेजारचे चार शेडवाले आयुष्यभर बोलणार नाहीत, याच्यामुळे आमचे गेले म्हणून. अशा टेस्टला कोण स्वॅब देईल सांगा? माणूस रात्री खड्डा खणून मोकळा होतो.

माजी_सरकारी

भरपाई मेलेल्यांची नाही, जिवंत असलेल्या मारल्या तर आहे, म्हणून तर लवकर कळवण्यातच तुमचा फायदा आहे ना? दोन दिवस लपवलं की अर्धी शेड अशीच मेलेली असते, तिचे शून्य रुपये. आणि खड्ड्याचं म्हणाल तर कावळे, कुत्री उकरतात, मग गावभर.

शेडवाला_वासिंद

हे आम्हाला कोणी असं मांडून सांगितलेलं नाही. खात्याचा माणूस येतो तो कागद घेऊनच येतो. तरीपण शेजाऱ्यांचा प्रश्न उरतोच, तो तुमच्या कायद्यात नाही.

पिपेटवाला_कांजूर

ओके, सगळं वाचून प्लॅन बदलतोय, बघा पटतंय का. चार-इन-वन बाद. आता फक्त ब्रॉयलर, फक्त घरघर सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आतली शेड. पहिल्या ट्यूबमध्ये इन्फ्लुएन्झा मॅट्रिक्स, मारक रानीखेत आणि कोंबडीचा स्वतःचा जीन. मायकोप्लाझ्मा दुसऱ्या ट्यूबमध्ये, कारण तिथे अँटिबायोटिकचा निर्णय खरंच बदलतो. आयबी आत्ता फक्त मोजून ठेवणार, रिपोर्टवर देणार नाही. सगळं निगेटिव्ह आलं तर रिपोर्टवर "अमोनिया मोजा", २५ पीपीएमच्या वर गेला की विषाणूशिवाय पण श्वासनलिका खराब होतेच.

नमुना आणायचं कोडं राहिलं. एफटीए कार्डवर (रसायन लावलेला जाड कागद) स्वॅब दाबला की विषाणू तिथेच निकामी होतो आणि आरएनए टिकतो, बर्फ नको, साध्या पाकिटातून येईल. आसनगाव लोकलमध्ये थर्माकोलचा डबा घेऊन चढायचं म्हणजे सकाळी आठला काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको, आणि जिवंत विषाणू डब्यात घालून गर्दीत न्यायचाच नाहीये.

एलायझा_मावशी

आता कसं. फक्त कार्डावर थोडा कमी आरएनए मिळतो, तेव्हा संवेदनशीलता कार्डावरूनच मोज, ओल्या स्वॅबवरून मोजलेली छापू नकोस. आणि ज्याला तू "खरा पॉझिटिव्ह" म्हणणार तो कशावरून खरा? अंड्यात विषाणू वाढवून किंवा सिक्वेन्स वाचून कोणीतरी तिसऱ्याने ठरवलेला हवा, तुझ्याच दुसऱ्या पीसीआरने नाही.

परळचा_पशुवैद्य

सिक्वेन्सिंग आणि अंड्यांची सोय कोणाकडे होऊ शकेल ते व्यनि (खाजगी निरोप) करतो. स्वॅब पॉलिस्टरचे घ्या, लाकडी काडीवरचे कापसाचे अजिबात नकोत, त्यातले पदार्थ पीसीआर अडवतात.

शेडवाला_वासिंद

माझा पुढचा लॉट गटारीच्या हिशोबाने टाकतोय, श्रावणात भाव पडतो, त्यामुळे त्या लॉटमध्ये काय झालं तर माझं दिवाळं. घरघर झाली की त्याच रात्री फोन करतो. कार्ड आधी पाठवून ठेवा, आणि काय लिहायचं कागदावर ते पण सांगा.

परळचा_पशुवैद्य

लिहायचं एवढंच: पक्ष्यांचं वय, घरघर कुठल्या रात्री पहिल्यांदा ऐकली, आणि आतापर्यंत दिलेली प्रत्येक लस, नाव, तारीख, बाटलीवरचा बॅच नंबर. हॅचरीतली सुद्धा, ती सुपरवायझरला विचारा. लसीचा रकाना रिकामा असेल तर पिपेटवाले, तुम्ही कार्ड परत पाठवा.